प्लेटवरचं झाकण नीट बसलं का? लॅबमधल्या एका छोट्या कामाची मोठी गोष्ट

कोरोनाच्या काळात नाकात काडी घालून घेतलेला आपला नमुना पुढे कुठे गेला, याचा विचार फार थोड्यांनी केला असेल. हैदराबादच्या सीसीएमबीसारखी मोठी संस्था असो की जिल्ह्याची लॅब, बहुतेक ठिकाणी तो शेवटी प्लास्टिकच्या एका प्लेटमध्ये येतो. साधारण 128 बाय 85 मिलिमीटरची ही प्लेट. 8 ओळी, प्रत्येकीत 12 खळगे, एकूण 96. इडलीपात्रच म्हणा ना! जगभर बाहेरचं माप एकच ठरलेलं आहे, म्हणून तर यंत्राचा हात ती बिनचूक उचलतो.

पीसीआरसाठी एकेका खळग्यात जेमतेम 20 मायक्रोलिटर द्रव असतो, म्हणजे अर्धा थेंबही नाही. तो 95 अंशांपर्यंत तापवायचा, साठच्या आसपास आणायचा, असं चाळीसेक वेळा. झाकण एका कोपऱ्यात जरी सुटलं, तरी तिथला द्रव वाफ होऊन उडतो आणि निकाल फसतो.

हाताने काम असेल तर चिकट फिल्म लावून रोलरने दाबतात. थोडे नमुने असतील तर ते पुरतंही. पण यंत्रांची साखळी असली की उष्णतेने सील करणारं यंत्र लागतं. ते रोलमधून फिल्म कापतं आणि तापलेल्या पत्र्याने काही सेकंद दाबतं. उष्णता कमी पडली तर कडा सुटतात, जास्त झाली तर प्लेटच वाकते आणि पुढच्या यंत्रात अडकते. फिल्मवरची सुरकुती माणसाला लगेच दिसते, यंत्राला मात्र ती मुद्दाम दाखवावी लागते.

फिल्मही कामाप्रमाणे बदलते. वरून प्रकाश वाचायचा असेल तर पारदर्शक, नमुना साठवायचा असेल तर ॲल्युमिनियमची, जिवंत पेशी वाढवायच्या असतील तर हवा जाऊ देणारी. औषध कंपन्या रसायनं डीएमएसओमध्ये विरघळवून ठेवतात. हा द्रव हवेतली ओल पटकन शोषतो, तिथे सील ढिलं चालतच नाही.

खरा धोका मात्र सील काढताना. झाकणाच्या आतल्या बाजूला चिकटलेला थेंब झटक्याने शेजारच्या खळग्यात उडाला, तर धडधाकट माणसाचा अहवाल पॉझिटिव्ह येऊ शकतो, आणि कोरोनाच्या काळात तर त्यामुळे अख्खं घर कोंडून बसायचं. म्हणून प्लेट आधी सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवून थेंब तळाशी आणतात, मग सावकाश सील सोलतात. पीसीआर झालेली प्लेट तर शक्यतो उघडतच नाहीत. सीलसकट पिशवीत बांधून थेट कचऱ्यात.