औषधाचा डोस : गणित सोपे, लेबल वाचणे अवघड

आपल्या वस्त्यांमधून अनेक मुली, आणि आता मुलेही, एएनएम-जीएनएमला जात आहेत. त्यांच्या तोंडून एक वाक्य नेहमी ऐकू येते, "डोसचं गणित जमत नाही." खरे तर हे शाळेतले त्रैराशिकच आहे. चूक बहुधा गुणाकारात होत नाही, बाटली न वाचल्याने होते.

पॅरासिटामॉलचेच घ्या. तापात लहान मुलाला एका वेळी दर किलो वजनामागे साधारण १५ मिलिग्रॅम देतात, तेही दिवसातून जास्तीत जास्त चार वेळा. मूल १२ किलोचे असेल तर १२ × १५ = १८० मिलिग्रॅम. पण द्यायचे असते मिलिलिटरमध्ये! ५ मिलीत १२५ मिलिग्रॅम असलेले सिरप असेल, तर १८० ÷ १२५ × ५ = ७.२ मिली. ५ मिलीत २५० वाले असेल, तर निम्मे, ३.६ मिली. आणि १ मिलीत १०० मिलिग्रॅम असलेली ड्रॉप्सची बाटली असेल, तर फक्त १.८ मिली. आता कोणी ७.२ हा आकडा पाठ करून ड्रॉप्स दिले, तर पोटात जातात ७२० मिलिग्रॅम, म्हणजे पूर्ण दिवसाची मात्रा एकाच वेळी. हेच दिवसातून तीन-चारदा झाले तर यकृत निकामी होऊ शकते. म्हणून "दोन चमचे द्या" हा सल्ला मला धोकादायक वाटतो. कोणत्या बाटलीचे दोन चमचे?

इन्सुलिनमध्ये चूक आणखी महागात पडते. आपल्याकडे १ मिलीत ४० युनिट आणि १०० युनिट अशा दोन्ही प्रकारच्या बाटल्या मिळतात, आणि दोन्हींच्या सिरिंज वेगळ्या. ४० ची लाल टोपीची, १०० ची नारिंगी. १०० चे इन्सुलिन ४० च्या सिरिंजमध्ये २० च्या रेघेपर्यंत भरले, तर ते ०.५ मिली, म्हणजे ५० युनिट होते. रुग्णाची साखर झपाट्याने उतरते, तो बेशुद्ध पडू शकतो. उलटे केले तर २० ऐवजी ८ च युनिट जातात आणि साखर का उतरत नाही, हे कुणालाच कळत नाही.

लिहिण्यातही असाच घोळ होतो. ०.५ ऐवजी नुसते .५ लिहिले की घाईत ५ वाचले जाते, ५.० चे ५० होते.

आकडा विचित्र वाटला, तर औषध हातात धरून थांबा आणि विचारा. "सर, वजन १२ किलो आहे, डोस एकदा बघता का?" एवढे म्हणायला नव्या सिस्टरला फार धीर लागतो, हे खरे. वॉर्डात ओरडा बसतो, हेही खरे. तरीही विचारा, आणि उत्तर मिळेपर्यंत औषध देऊ नका.