दुसऱ्या दिवशी उभं राहायचं

खुब्यात मोडलेलं म्हातारं माणूस स्ट्रेचरवरून वॉर्डात आलं, की एक्स-रे बघायच्या आधी माझी नजर पावलांकडे जाते. दुखरा पाय आखूड दिसतो आणि पाऊल बाहेरच्या बाजूला कललेलं असतं. पाय सरळ ठेवून टाच उचलायला सांगितली, तर उचलत नाही. सोबतची माणसं जे सांगतात तेही ओळखीचंच असतं: मोरीत पाय घसरला, रात्री लघवीला उठताना उंबऱ्याला ठेच लागली, अंगणात तोल गेला. तरुण माणूस अशा पडण्यातून कपडे झटकून उठतो. ठिसूळ हाडाला मात्र तेवढा मार पुरतो. पाळी गेल्यावर बायकांची हाडं झपाट्यानं विरळ होतात, म्हणून या खाटांवर आजोबांपेक्षा आज्या जास्त.

तरुणांचा खुबा दुखावतो तो बहुधा वाहनांच्या अपघातात. जोराच्या धडकेत सांधा निखळला, तर तो शक्यतो सहा तासांच्या आत जागेवर बसवावा लागतो. पण फिजिओथेरपिस्ट म्हणून माझे बहुतेक दिवस जातात ते म्हाताऱ्या माणसांना उभं करण्यात.

मांडीच्या हाडाच्या वरच्या टोकाला गोल डोकं असतं आणि ते कमरेच्या हाडातल्या खोबणीत फिरतं. डोक्याखाली अरुंद मान. डोक्याला रक्त पोचतं ते मुख्यतः या मानेला लगटून जाणाऱ्या बारीक रक्तवाहिन्यांतून. मान मोडून हाड सरकलं की त्या तुटतात, आणि मग हाड जोडून ठेवलं तरी डोकं मरण्याची भीती असते. म्हणून वय झालेल्या पेशंटमध्ये डॉक्टर ते काढून धातूचा गोळा बसवतात. वॉर्डात त्याला ‘बायपोलर’ म्हणतात. मानेच्या खाली, जिथं हाड रुंद आहे तिथं मोडलं, तर रक्तपुरवठा चांगला असल्यानं ते जुळतं. पण नीट जागेवर जुळावं म्हणून आत रॉड आणि स्क्रू घालावे लागतात. नातेवाईक बाहेर एकमेकांना सांगतात, ‘यांचा गोळा बदलला’, ‘आमच्यांना रॉड टाकला’. ते अगदी बरोबर आहे.

त्याआधी एक वाक्य हमखास कानावर येतं. “आता या वयात कशाला चिरफाड? पडून राहू दे, आम्ही सगळं करू.” बोलणारा मुलगा आईवर जीव टाकणारा असतो. तरीही मला त्याला सांगावंच लागतं, की आई पडून राहिली तर छातीत कफ साठून न्यूमोनिया होतो, माकडहाडावर जखम होते, पायाच्या शिरेत रक्ताची गुठळी धरते, लघवीत जंतू वाढतात. मोडलेल्या खुब्यापेक्षा या गोष्टीच माणसाला नेतात. ब्रिटनमधल्या ‘नाइस’ या संस्थेनं २०११ साली मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यांत शस्त्रक्रिया दाखल झाल्याच्या दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी करावी, आणि तिच्या दुसऱ्या दिवशी पेशंटला उठवावं, असं म्हटलं आहे. आपल्याकडे मात्र लेप लावण्यात, पैशांची जुळवाजुळव करण्यात आणि मुंबईच्या मुलाची वाट बघण्यात मोलाचे दिवस जातात.

ऑपरेशनच्या दुसऱ्या दिवशी मी खाटेशी जाते. वेदनेचं औषध आधीच दिलेलं असतं. आधी घोटे वरखाली, मग दीर्घ श्वास. पाय खाली सोडून बसवलं की पाच मिनिटं मी फक्त चेहरा बघते. ओठ पांढरे पडले, घाम फुटला, की रक्तदाब उतरलाय हे कळतं आणि पुन्हा आडवं करावं लागतं. चेहरा ठीक असेल तर वॉकर मनगटाच्या उंचीला लावते. “आजी, वॉकर ओढून उठायचं नाही. दुखरा पाय जरा पुढं ठेवा, दोन्ही हात खाटेवर रेटा.” आजी माझा दंड घट्ट पकडतात. “पोरी, सोडू नगंस गं.” “सोडत नाही. मान वर करा, माझ्याकडे बघा.” उभ्या राहिल्या की गुडघे थरथरतात, आणि तो पाय भार घेतोय यावर त्यांचा विश्वासच बसत नाही. मग क्रम पाठ करून घेते: आधी वॉकर, मग दुखरा पाय, मग चांगला. पहिल्या दिवशी खाटेपासून खुर्चीपर्यंत गेलं तरी खूप झालं.

खरी कसोटी घरी असते. आपलं घर जमिनीवर चालतं: पाटावर जेवण, मांडी घालून निवडणं-टिपणं, उकिडवं बसून धुणं, देशी संडास. गोळा बदललेल्या माणसाला सुरुवातीचे महिने तरी हे वर्ज्य असतं, कारण खुबा फार दुमडला किंवा पाय आत वळला तर गोळा निसटू शकतो. म्हणून सुट्टी होण्याआधीच मी घरच्यांना बसवून विचारते. कमोडची खुर्ची आणली का? खाट किती उंच आहे? झोपताना दोन पायांत उशी कोण ठेवणार? सून लिहून घेते, आजी मात्र विचारतात, “देवापुढं कशी बसू?” खुर्चीवर बसून केलेली पूजा देवाला चालते, हे त्यांना पटवणं हाही माझ्या कामाचाच भाग आहे.

एकदा असं हाड मोडलं की दुसरं मोडण्याचा धोका वाढतो. म्हणून टाके काढले म्हणजे उपचार संपले असं समजू नका. हाडांचा ठिसूळपणा तपासून घ्या, त्याची औषधं डॉक्टरांना विचारून सुरू करा. मोरीत धरायला दांडी बसवा, रात्री वाटेवर दिवा ठेवा. आणि घरातलं वयस्कर माणूस पडलं आणि त्याला उठता येईना, तर चोळू नका, ओढून उभं करू नका. त्याच दिवशी दवाखान्यात न्या. वय झालंय हे ऑपरेशन टाळण्याचं कारण नव्हे. वय झालंय म्हणूनच ते लवकर व्हायला हवं.