समुद्रशैवलाचा अर्क आणि ‘प्रतिऑक्सिडीकारक’ हा शब्द



ज्या सरांच्या स्मृत्यर्थ हे व्याख्यान होत आहे ते या शाळेत रसायनशास्त्र शिकवीत. मी जन्मभर मराठी शिकवीत आलो. तेव्हा शैवलाच्या अर्काविषयी मी बोलावे, हे कित्येकांना अप्रस्तुत वाटेल. कारण घरगुती आहे. माझ्या थोरल्या बहिणीस थायरॉईडचा विकार. कोणीतरी तिला समुद्री केल्पच्या चूर्णाची बाटली आणून दिली. वेष्टनावर ‘अँटिऑक्सिडंटांनी समृद्ध’ असे ठळक छापलेले. तीन महिने तिने ते श्रद्धेने घेतले आणि रक्ततपासणीचे आकडे बिघडले. डॉक्टरांनी बाटली बंद करावयास सांगितली. तेव्हापासून मी या शब्दाच्या मागे लागलो. माझी एक विद्यार्थिनी आज रसायनशास्त्राची प्राध्यापिका आहे. तिने मला सारी कृती तिच्या प्रयोगशाळेत दाखविली.

मराठीत आपण ‘प्रतिऑक्सिडीकारक’ म्हणतो. जिभेला जड, पण अर्थाला चोख शब्द! जो पदार्थ स्वतः ऑक्सिडीकरण पत्करून दुसऱ्याचे वाचवितो, तो प्रतिऑक्सिडीकारक.

शैवलाला त्याची गरज का भासावी, हे आपल्या किनाऱ्यावरच कळते. पावसाळा सरल्यावर हणजूणच्या खडकांवर सारगॅसमचे तपकिरी झुबके दिसू लागतात. ओहोटी लागली की ते उघडे पडतात. ऊन, कोरडेपणा, मग पुन्हा भरती. या ओढाताणीत त्यांच्या पेशींत प्राणवायूची उपद्रवी रूपे निर्माण होतात. जागा सोडून सावलीत जाणे शैवलाच्या नशिबी नाही. म्हणून ते आपले संरक्षण अंगातच सिद्ध करते. तपकिरी शैवलांत असे दोन पदार्थ महत्त्वाचे : फ्लोरोग्लुसिनॉलचे घटक एकमेकांस जोडून बनलेली फ्लोरोटॅनिने, आणि ज्याच्यामुळे शैवलास तपकिरी छटा येते ते फ्यूकोझँथिन. हे दुसरे १९१४ साली विल्श्टेटर आणि पेज यांनी वेगळे केले. विल्श्टेटर यांना पुढल्याच वर्षी वनस्पतिरंगद्रव्यांवरील कार्यासाठी नोबेल पारितोषिक मिळाले.

आता कृती. शैवल गोड्या पाण्याने धुऊन वाळू, शिंपले आणि मीठ काढावे लागते. वाळवावयाचे ते सावलीत, कारण ऊन व उष्णता नेमके हवे तेच नासवितात. मग भुकटी. नुसत्या पाण्यात ती उकळली तर चिकट बहुशर्कराही उतरतात आणि गाळताना जीव मेटाकुटीस येतो. म्हणून पाणी मिसळलेले ॲसिटोन किंवा अल्कोहोल घेऊन, अंधारात, काही तास ढवळत ठेवतात. गाळलेला द्रव निर्वात दाबाखाली, चाळीसेक अंशांवरच आटवितात. त्यानंतर हेक्झेनबरोबर हलविले की मेद निघून जातो. एथिल ॲसिटेटबरोबर हलविले की फ्लोरोटॅनिनांचा एक भाग त्यात येतो, आणि क्षार व शर्करा पाण्यात मागे राहतात. दोन न मिसळणारे थर काचेच्या नरसाळ्यात स्थिरावताना पाहणे हा मला तरी काव्यानुभव वाटला. फ्यूकोझँथिनासाठी अलीकडे कार्बन डायऑक्साइडही वापरतात. ३१ अंश सेल्सियस आणि ७४ बार यांच्या वर तो धड वायू राहत नाही की धड द्रव. थोडे अल्कोहोल जोडीला दिले की तो रंगद्रव्य ओढून घेतो आणि दाब काढताच स्वतः उडून जातो.

अर्काची ताकद जोखण्यासाठी डीपीपीएच नावाचे जांभळे द्रावण घेतात. ब्लॉइस यांनी ही पद्धत १९५८ साली मांडली. अर्काचे थेंब पडले की जांभळा रंग ओसरून पिवळा उरतो. दृश्य मोहक आहे. पण ते परीक्षानळीतले आहे. आतड्यातून किती शोषले जाते, यकृत त्याचे काय करते, याविषयी ती नळी मौनच पाळते. मोठ्या रेणूंची फ्लोरोटॅनिने तर जशीच्या तशी फारशी शोषली जात नाहीत. वेष्टनावरचा शब्द बहुधा या नळीतून थेट दुकानात आलेला असतो.

बहिणीच्या बाटलीत तर अर्कही नव्हता. होती ती सबंध शैवलाची भुकटी. प्रौढ माणसास दिवसाला सुमारे १५० मायक्रोग्रॅम आयोडीन पुरते. केल्पच्या काही जातींच्या एका ग्रॅम सुक्या भुकटीत ते एक मिलिग्रॅमहूनही अधिक असते. सारगॅसमच्याच कुळातील हिजिकी हे जपानी खाद्यशैवल तर त्यातील असेंद्रिय आर्सेनिकामुळे खाऊ नये, असा सल्ला ब्रिटनच्या अन्न-मानक संस्थेने २००४ साली दिला.

आणि एक गंमत, जी मला फार उशिरा कळली. २००८ साली क्यूपर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिले की, लॅमिनेरिया या केल्पमध्ये आयोडाइड हेच प्रतिऑक्सिडीकारकाचे काम करते. म्हणजे वेष्टनावरचा शब्द खोटा नव्हता. खडकावर शैवलाला जे तारते, त्यानेच माझ्या बहिणीची ग्रंथी बिघडविली. ती बाटली मी जपून ठेवली आहे. तिच्यावर आयोडीनचा आकडा कोठेच नाही.