सूर्य तोच, ऊन मात्र उणे

सूर्य नित्य उगवतो, म्हणून त्याचा प्रकाशही नित्य तितकाच मिळतो, अशी सर्वसाधारण समजूत आहे. मोजमापांनी ती चुकीची ठरविली.

१९५०च्या दशकात इस्राएलमध्ये सिंचनाच्या आखणीसाठी जेराल्ड स्टॅनहिल यांनी भूमीवर पडणारा सूर्यप्रकाश मोजला. १९८०च्या दशकात त्यांनी पुन्हा मापन केले, तेव्हा तो २२ टक्क्यांनी घटलेला आढळला. स्वित्झर्लंडमध्ये अत्सुमु ओहमुरा यांनाही तशीच घट दिसली. सूर्य मंदावला नव्हता. प्रकाश वाटेतच अडत होता.

कोळसा आणि तेल जळताना गंधकयुक्त वायू निघतो. हवेत त्याचे सूक्ष्म कण बनतात व ते काही किरण अवकाशात परतवितात. काजळी किरण शोषून घेते. शिवाय अशा कणांभोवती ढगांचे थेंब अधिक संख्येने, पण लहान बनतात; असे ढग प्रकाश अधिक परतवितात.

पुढे युरोपात धुरावर कडक निर्बंध आले आणि १९८०च्या दशकाच्या मध्यानंतर तेथील ऊन वाढू लागले. भारतात मात्र उलट घडले. पुण्याच्या उष्णदेशीय मौसम विज्ञान संस्थेतील संशोधकांनी १९८१ ते २००४ या काळातील १२ केंद्रांच्या नोंदी तपासल्या. प्रकाशाची घट सुरूच होती. गोदामाच्या किंवा दुकानाच्या छपरावर सौर पट्ट्या बसविणाऱ्याला ही घट थेट विजेच्या हिशेबात सोसावी लागते. तेच कण श्वासावाटे फुप्फुसांतही शिरतात.

या हिशेबाची दुसरी बाजूही आहे. प्रकाश परतविणारे कण पृथ्वीला किंचित थंड ठेवतात. १९९१ साली फिलिपिन्समधील पिनातुबो ज्वालामुखीच्या उद्रेकानंतर जगाचे सरासरी तापमान तात्पुरते सुमारे अर्ध्या अंशाने उतरले होते. म्हणजे धुरकट हवा तापमानवाढीचा काही भाग झाकून ठेवते. परंतु कारखान्यांच्या धुराचे कण थोड्याच दिवसांत पावसाने धुतले जातात; त्याच इंधनातून निघालेला कार्बन डायऑक्साइड शतकानुशतके उरतो. धूर थांबला की झाकलेली उष्णता उघडी पडते.

म्हणून धूर राहू द्यावा, असा याचा अर्थ नव्हे. झाकून ठेवल्याने कर्ज फिटत नाही. हवा स्वच्छ करणे आणि कोळसा-तेलाचा वापर घटविणे, ही दोन्ही कामे बरोबरीनेच व्हावी लागतील. हरवलेले ऊन परत मिळू शकते, हे युरोपाने दाखविले आहे. ते सुसह्य राहावे, ही जबाबदारी मात्र इंधन जाळणाऱ्या प्रत्येकाची आहे.