घागर कोणाच्या हाती?

निवडून येण्याचा हक्क कोणाला, याची चर्चा आपण पुष्कळ करतो. तो कोणाचा काढून घ्यावा आणि कोणी, याची फारशी करीत नाही. प्रश्न मात्र जुना आहे. कांचीपुरमजवळच्या उत्तरमेरूर येथील ब्राह्मण ग्रामसभेने इ. स. ९१९ व ९२१ साली, चोळ राजा पहिला परांतक याच्या अमदानीत, आपले नियम दगडावर कोरून ठेवले. गावाचे ३० वाडे होते. प्रत्येक वाड्यातील पात्र माणसांची नावे ताडपत्रावर लिहून घागरीत टाकीत आणि लहान मुलाकडून चिठ्ठी काढवीत. तळे, बागा यांचा कारभार अशा रीतीने निवडलेल्या समित्या पाहत.

पूर्वी समितीवर राहून ज्याने हिशेब दिला नाही, त्याची चिठ्ठी घागरीत पडत नसे. कोणत्याही युनियनने कचेरीत टांगावा असा हा नियम! पण त्याच्या जवळच्या नातेवाइकांनाही बंदी होती; आणि सारा भरणारी जमीन व स्वतःच्या जागेवर घर नसलेल्यास प्रवेशच नव्हता. म्हणजे भूमिहीन मजूर मुळातच बाहेर.

तेव्हा अपात्रतेचा नियम पारखताना पाहावे, की तो माणसाच्या करणीवर बोट ठेवतो, की त्याच्या जन्मावर आणि खिशावर? दुसरे, निकाल कोण देतो? महाराष्ट्रात १९५८ च्या कायद्याप्रमाणे ग्रामपंचायत सदस्याच्या अपात्रतेचा वाद जिल्हाधिकाऱ्याकडे जातो, पंचायतीतील बहुमताकडे नव्हे. हे योग्यच आहे. घागर ज्याच्या हाती, त्यानेच चिठ्ठ्या वगळल्या, तर विरोधकाचे नाव कधीच निघणार नाही.