हिरड्याचे संकलन आणि छायाचित्रांची नोंद

चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील पहिल्याच अध्यायात असे सांगितले आहे की, शेळ्यामेंढ्या व गाई राखणारे आणि रानात वावरणारे लोक औषधींना नावाने व रूपाने ओळखतात. परंतु केवळ नामरूप जाणल्याने त्यांचा परम उपयोग कळत नाही. या वचनाचा उत्तरार्ध आपण वैद्य आवर्जून सांगतो, पूर्वार्ध सहसा विसरतो. आज बहुतेक फार्मसींत हिरडा पोत्यातूनच येतो. नामरूप जाणणारा आणि योग जाणणारा यांची गाठ पडत नाही. संकलनाची पद्धतशीर छायाचित्रे ठेवल्यास ही उणीव काही अंशी भरून निघते.

पुणे जिल्ह्यातील जुन्नर व आंबेगाव तालुक्यांच्या पश्चिम पट्ट्यात महादेव कोळी कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या हिरडा गोळा करीत आली आहेत. झाडे रानात आहेत, तशीच मालकीच्या जमिनीवरही आहेत. वनहक्क कायदा, २००६ अन्वये गौण वनोपजावरील त्यांच्या हक्काला कायद्याचा आधारही मिळाला आहे. उन्हाळ्यात, अठळी धरण्यापूर्वीच कोवळी फळे काढून वाळवतात. ती काळी व सुरकुतलेली होतात. हाच बाळहिरडा. तीच फळे झाडावर राहिली तर हिवाळ्यात पक्व होतात आणि त्यांतून त्रिफळ्यासाठी लागणारा सुरवारी हिरडा मिळतो. भावप्रकाशाने प्रशस्त मानलेली हरीतकी नवी, स्निग्ध, घन, वाटोळी, जड आणि पाण्यात बुडणारी असते. ही लक्षणे पक्व फळाची आहेत. म्हणून एकाच फांदीवरील फळ केव्हा उतरवले, यावर ते कोणते द्रव्य होणार हे ठरते. आणि नेमकी हीच माहिती पोत्यावर नसते.

छायाचित्रे घ्यावयाची ती यासाठी. पहिले संपूर्ण झाडाचे. दुसरे खोडाच्या सालीचे. तिसरे पानाचे, देठाच्या वरच्या टोकाशी असणाऱ्या दोन ग्रंथी स्पष्ट दिसतील इतक्या जवळून. फळ फांदीवर असतानाच टिपावे आणि शेजारी आकाराच्या अंदाजासाठी नाणे किंवा मोजपट्टी धरावी. सकाळचा तिरपा प्रकाश उत्तम. भर दुपारी कोवळ्या फळाचा हिरवा रंग फिका पडतो. त्यानंतर फळे उतरवण्याची रीत टिपावी. हाताने तोडली, काठीने झोडली की फांदीच छाटली? छाटलेल्या फांदीला पुढील वर्षी फळ नाही, हे सांगण्यास तज्ज्ञ नको. शेवटी वाळवण : कातळावर, चटईवर की मातीवर. प्रत्येक छायाचित्रावर तारीख व गावाचे नाव घालून तोच क्रमांक मालाच्या बॅच-नोंदीत लिहावा. मोबाइलचा साधा कॅमेराही या कामास पुरतो.

दिनदर्शिकेसाठी टोपली डोक्यावर देऊन हसायला लावलेले छायाचित्र आपल्या कामाचे नाही. संकलन करणाऱ्यांची अनुमती आधी घ्यावी, छायाचित्राची प्रत त्यांना द्यावी आणि काम थांबवायला लावू नये. त्यांच्याशी बोलता बोलता जे कळते ते कॅमेऱ्याला दिसत नाही : कोणते झाड दरवर्षी धरते, कोणते एक वर्षाआड, कोणत्या झाडाचे फळ किडते. तेही त्याच वहीत उतरवावे. कीड लागलेले द्रव्य न घेण्याचा आणि फळे त्यांच्या ऋतूतच घेण्याचा चरकाच्या कल्पस्थानातील निर्देश पाळायचा, तर ही माहिती हवीच.

आता खरी अडचण. बाळहिरड्याला पक्व हिरड्यापेक्षा चांगला भाव मिळतो. भाताची पेरणी तोंडावर आलेली असते, बियाण्याला रोख पैसा लागतो. अशा वेळी कोवळे फळ झाडावर कोण ठेवील? सगळेच उतरवले जाते. पक्व फळ घटते आणि नव्या रोपांसाठी बी उरत नाही. याचा दोष संकलकाला देणे मला अन्यायाचे वाटते. लागोपाठ दोन-तीन वर्षांची त्याच झाडांची छायाचित्रे शेजारी ठेवल्यास ही घट आपल्याच डोळ्यांना दिसेल. ज्या फार्मसीला उत्तम सुरवारी हिरडा हवा असेल तिने फाल्गुनातच गावात जाऊन झाडे ठरवावीत, त्यांची छायाचित्रे घ्यावीत आणि हिवाळ्यात मिळणाऱ्या फळांच्या मोबदल्याचा काही भाग पेरणीपूर्वी रोख द्यावा.