चार आण्याची गोळी, बारा आण्याची सफाई

रिव्हॉल्व्हर म्हटले की आपल्यापैकी बहुतेकांना हिंदी सिनेमा आठवतो. पडद्यावरच्या नायकाच्या सहा गोळ्यांच्या रिव्हॉल्व्हरमधून वीस-पंचवीस गोळ्या सहज सुटतात, आणि ते साफ करताना मात्र तो कधीच दिसत नाही. प्रत्यक्षातले रिव्हॉल्व्हर इतके सोशिक नसते. एका रायफल क्लबात सभासदांची शस्त्रे तपासून देण्याचे काम मी बरीच वर्षे करतो आहे. ‘नेम लागत नाही’, ‘चक्र अडकते’, ‘चाप जड झाला’ अशा तक्रारी घेऊन मंडळी येतात. दोष शस्त्राचाच असणार, अशी त्यांची खात्री असते. मी नळीत डोकावतो, आणि बहुतेक वेळा खरा गुन्हेगार तिथे सापडतो: स्वस्तातली, कमअस्सल शिशाची गोळी.

ज्याला आपण बोलताना ‘गोळी’ म्हणतो ते खरे तर काडतूस. पितळी पुंगळी, तिच्या बुडाशी ठिणगी देणारी केप, आत दारू आणि तोंडाशी बसवलेली गोळी, असा हा चौघांचा संसार. गोळी शिशाची का? तर शिसे जड, स्वस्त आणि ओतायला सोपे. अवघ्या ३२७ अंश सेल्सिअसला ते वितळते. पण नुसते शिसे फार मऊ. म्हणून त्यात कथील आणि अँटिमनी मिसळून ते कठीण करतात. त्यावर तांब्याचे वेष्टण चढवले की गोळी अधिक टिकाऊ होते, आणि अर्थातच महागही.

साधी शिशाची गोळी मुळात वाईट नाही, हे आधीच सांगितले पाहिजे. आपल्याकडच्या परवानाधारकांजवळ जे .३२ बोअरचे रिव्हॉल्व्हर दिसते, त्याच्या काडतुसाचा जन्म १८९६ सालचा. २०१४ साली कानपूरच्या सरकारी कारखान्याने खास स्त्रियांसाठी म्हणून ‘निर्भीक’ हे अवघ्या अर्ध्या किलोचे रिव्हॉल्व्हर काढले, तेही याच बोअरचे. सेंटर फायर पिस्तुलाच्या स्पर्धांत आजही जगभर .३२ ची सपाट डोक्याची शिशाची गोळी वापरतात. २००६ च्या दोहा एशियाडमध्ये याच प्रकारात जसपाल राणाने ५९० गुण मिळवून जागतिक विक्रमाची बरोबरी केली होती. तेव्हा शिशाला नावे ठेवण्यात अर्थ नाही. बिघडते ते पैसे वाचवण्याच्या नादात. मिश्रधातू मऊ, गोळीचा व्यास केसभर कमी, वंगण हलके आणि दारू अर्धवट जळणारी, असा सगळा ‘काटकसरीचा’ कारभार एकत्र आला म्हणजे पंचाईत होते.

नळीच्या आत पीळदार खाचा असतात. गोळीने त्या खाचांत घट्ट बसून गिरकी घेत बाहेर पडायचे, अशी योजना आहे. गोळी बारीक असेल तर तिच्या बाजूने तापलेला वायू निसटतो आणि जाताना तिच्या अंगावरचे शिसे खरवडून नळीला चोपडतो. पुढची गोळी त्या थरावरून घासत जाते आणि आपलीही भर टाकते. कढईच्या बुडाला दूध लागावे तसे हे शिसे धरते. काही फैरींनंतर खाचा बुजतात, गोळीला नीट गिरकी मिळत नाही आणि नेम भरकटतो. मालक बिचारा आपला हात थरथरतो म्हणून प्राणायाम सुरू करतो!

ही काही आजची गोष्ट नाही. अमेरिकेत १९३५ साली .३५७ मॅग्नम हे जबरदस्त काडतूस आले. त्याच्या जोराचा गवगवा झाला, पण सुरुवातीच्या साध्या शिशाच्या गोळ्यांनी नळ्या इतक्या भरू लागल्या की नेमबाज वैतागले. पुढे कठीण मिश्रधातू, गोळीच्या बुडाला तांब्याची टोपी आणि पूर्ण वेष्टण असे उपाय निघाले. वेग वाढवायचा तर गोळीही त्या तोलाची हवी, हा धडा तेव्हाच मिळाला होता.

रिव्हॉल्व्हरला हा त्रास जास्त होण्याचे कारण त्याच्या घडणीत आहे. त्याचे फिरते चक्र आणि नळी हे दोन वेगळे भाग, आणि त्यांच्यात कागद जेमतेम सरकेल एवढी फट असते. गोळीला चक्रातून उडी मारून नळीत शिरावे लागते. त्या उडीत मऊ शिशाची कड तासली जाते आणि नळीच्या तोंडाशी साचते. फटीतून बाहेर फेकली जाणारी काजळी चक्राच्या तोंडावर बसते. कणभर न जळलेली दारू रिकाम्या पुंगळ्या बाहेर ढकलणाऱ्या चांदणीखाली शिरली, तरी चक्र अडते. स्वसंरक्षणासाठी लाखभर रुपये मोजून घेतलेले शस्त्र ऐन वेळी फिरलेच नाही, तर त्याची किंमत कपाटातल्या लोखंडाच्या तुकड्याएवढीच.

यापेक्षाही गंभीर प्रकार एकदा माझ्यासमोर घडता घडता टळला. एका ज्येष्ठ सभासदांनी चाप ओढला. आवाज झाला, पण नेहमीसारखा नाही. दिवाळीतला ओला फटाका फुसकन् विझावा तसा. ते पुन्हा चाप ओढणार तोच मी ओरडून थांबवले. काडतुसे काढून नळी पाहिली, तर गोळी मध्येच रुतून बसली होती. दारू कमी भरलेल्या काडतुसात असे होते. पिस्तुलात अशा वेळी पुढचे काडतूस बहुधा आपोआप वर येत नाही. रिव्हॉल्व्हरला मात्र चाप ओढला की पुढचे काडतूस हजर! दुसरी गोळी अडकलेल्या गोळीवर आदळली असती, तर नळी फुगली किंवा फुटली असती. म्हणून नवशिक्यांना मी पहिला नियम सांगतो: आवाज वेगळा आला की थांबा, नळी दुसरीकडे वळवू नका, आणि ती मोकळी आहे याची खात्री होईपर्यंत पुढची गोळी झाडू नका.

इथवरचे नुकसान शस्त्राचे आणि ते हाताळणाऱ्याचे. आता घरातल्यांकडे वळू. गोळी सुटताना शिशाची अतिसूक्ष्म धूळ हवेत उडते. केपेतल्या मिश्रणातही बहुधा शिशाचेच संयुग असते. ती धूळ हाताला, शर्टाला, केसांना चिकटून घरी येते. शिसे शरीरात कॅल्शियमचे सोंग घेऊन वावरते आणि हाडांत वर्षानुवर्षे मुक्काम ठोकते. लहान मुलांच्या वाढत्या मेंदूला त्याचा धोका सर्वाधिक. रक्तातल्या शिशाचे कोणतेही प्रमाण सुरक्षित म्हणता येत नाही, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. याचसाठी २००० साली आपल्या पेट्रोलमधून शिसे हद्दपार झाले आणि २०१७ पासून घरगुती रंगांतही त्यावर कडक मर्यादा आली. सरकारने दारातून घालवलेले शिसे आपण खिडकीतून आत का आणावे?

उपाय साधे आहेत. गोळीचा व्यास आणि मिश्रधातू आपल्या शस्त्राला मानवणारा हवा. एखाद्या काडतुसाने दहा-बारा फैरींतच नळी चंदेरी दिसू लागली, तर ते कितीही स्वस्त असो, पुन्हा घेऊ नये. सराव झाल्यावर त्याच दिवशी नळी, चक्राचे सहाही घर आणि चांदणीखालची जागा ब्रशने आणि तेलाच्या चिंधीने साफ करावी. ‘शेवटी दोन वेष्टणाच्या गोळ्या झाडा, शिसे आपोआप निघते’ हा सल्ला ऐकू नये. शिशाने आधीच अरुंद झालेल्या नळीत त्याने दाब वाढतो. व्हिनेगर आणि हायड्रोजन पेरॉक्साइडच्या मिश्रणाने शिसे विरघळते खरे, पण त्यातून अंगात सहज भिनणारे विषारी शिसे-क्षार तयार होतात. तोही प्रयोग नको.

सफाई स्वयंपाकघराच्या ओट्यावर किंवा जेवणाच्या टेबलावर करू नये. वापरलेल्या चिंध्या बंद पिशवीत टाकाव्यात. रेंजवर चहा-बिस्किटांना हात लावण्याआधी थंड पाण्याने आणि साबणाने हात-तोंड धुवावे. घरी आल्यावर बूट बाहेर ठेवून, कपडे वेगळे टाकून, आंघोळ करून मगच नातवंडांना जवळ घ्यावे. हवा खेळती नसलेल्या बंद रेंजवर नियमित सराव करणाऱ्यांनी रक्तातले शिसे अधूनमधून तपासून घ्यावे.

काडतुसामागे वाचणारे चार पैसे खिशात ताबडतोब खुळखुळतात. नळीतले, फुप्फुसातले आणि हाडातले शिसे मात्र आवाज न करता साठत राहते. सुतार आपला रंधा जपतो, सोनार आपला काटा जपतो. शस्त्र बाळगणाऱ्याने तर त्याहून अधिक जपायला हवे, कारण त्याच्या हलगर्जीपणाचा हिशेब घरातल्यांनाही चुकता करावा लागतो.